कुठनं येतंय हे?

चालता चालता ही बाई मधेच थांबायची आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायची. मागून रिक्षा येवो नाहीतर पाववाल्याची सायकल. बोट वर, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. मग म्हणायची, "थांबा. कुठनं येतंय हे?"

आगाशीकडून नंदाखालला येणाऱ्या रस्त्यावर तुमचं येणंजाणं असेल तर तुम्ही तिला पाहिलेलंच आहे. बारीक कापलेले पिकले केस, पुरुषी चपला, खांद्याला कापडाची पिशवी. तुम्ही हॉर्न वाजवला असेल. चिडलाही असाल. मी तर तोंडावर बोललोय, "बाई, मरायचं असेल तर तिकडं हायवे आहे." तर म्हणाली, "एक मिनिट, काका. कुठल्यातरी पंपातून कर्रकर्र येतंय. ऐकू येतंय तुम्हाला?"

येत होतं. तिसऱ्या वाडीतल्या पंपाचं बेअरिंग गेलं होतं. दोन दिवसांनी मलाच बोलावणं आलं.

मी पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. पाचवीपर्यंत शाळा. बाकी सगळं मोटारींनी शिकवलं. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं पातं चालू मोटारीच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. पुढचं बेअरिंग गेलंय की मागचं, आत काय घासतंय, सगळं कळतं. डॉक्टर नळी लावतो तसंच. गावात मला नावाने कोणी हाक मारत नाही, मिस्त्रीच म्हणतात. म्हणजे आवाज कुठनं येतो हे शोधणं हा माझा धंदा. या बाईचं बोट मला पहिल्या दिवसापासून आवडायला हवं होतं. पण आमची सुरुवात भांडणाने झाली.

ते सांगायचं तर आधी माझ्या घरचं सांगायला लागेल.

माझी बायको अर्नाळ्याची. पाटी घेऊन मासळी विकायची. गळा असा की ती चर्चच्या वळणावर बोलली की मला घरात कळायचं आज सुरमई आहे की नुसतीच मांदेली. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. त्यावर जास्त लिहीत नाही.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. खाटेवरून ओट्यावर, ओट्यावरून विहिरीवर, विहिरीवरून पुन्हा घरात. चहा ठेवतो आणि बाहेर जातो. चहा आटून भांडं जळतं. तशी तीन भांडी जाळली. जेवायला बसतो आणि दोन घासांनी आठवतं की मागचं दार उघडं आहे. उठून बघतो. दार बंदच असतं.

आणि मग तो आवाज सुरू झाला.

दुपारचा यायचा. जेवणखाण झालं, मी मागच्या पडवीत एखादी मोटार उघडून बसलो की यायचा. बारीक गुरगुर. मोटारीचा एक फेज गेला की ती फिरत नाही, जागच्या जागी गुरगुरते, अगदी तसा. म्हणजे कुठंतरी मोटार अडकलीय. चालू राहिली तर जळणार. मी हातातलं टाकून उठायचो. उठलो की गप्प. परत बसलो की थोड्या वेळाने सुरू. फ्रीज सरकवला. पंखा उतरवला. पाण्याच्या टाकीला कान लावला. काही नाही. पन्नास वर्षं लोकांच्या मोटारींचे आवाज शोधले आणि माझ्याच घरातला सापडेना. डोकं फिरायची वेळ आली.

लेकीला सांगितलं. माझी एकच लेक, विरारला फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. नोकरी करते, रविवारी मला बघायला येते. ती दोन तास बसली, कान देऊन. त्या दिवशी मी नुसता तिच्याशी बोलत होतो. आवाज आला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आवाज नाहीये हो. तुमच्या मनात आहे."

"मनात मोटार असते का?"

"मी एका डॉक्टरांशी बोललेय. नुसतं बोलायचं त्यांच्याशी. आणि हे घर बंद करू. तुम्ही माझ्याकडे चला."

"तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? कबुतरं मोजू?"

"इथे तुम्ही भांडी जाळताय, बाबा. एक दिवस घर जाळाल."

खरं होतं ते. म्हणून जास्तच लागलं. शेवटी ठरलं, एक महिना. महिन्यात आवाज सापडला नाही तर घराला कुलूप. हे ती रडत बोलली, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात फिलूबायच्या माडीवर ही भाडेकरीण आली.

फिलूबाय म्हणजे माझी शेजारीण. तिची केळीची बाग आणि माझे पाच माड यांच्यामध्ये एक कुंपण, तेही अर्धं पडलेलं. ती म्हणाली, "मिस्त्री, मोठी बाई आलीय राहायला. रेडिओत आहे."

झालं. गावाने समजून घेतलं की बाई रेडिओ स्टेशनवर कामाला आहे. एकाने विचारलं, निवेदन करता का. एकीने मुलीच्या लग्नाच्या वाढदिवसाला गाणं लावायला सांगितलं, नावानिशी चिठ्ठी लिहून दिली. बाईने ती चिठ्ठी नीट घडी करून पिशवीत ठेवली. तिला नाही म्हणता यायचं नाही. हो पण म्हणता यायचं नाही, ते पुढे सांगतो.

मी मात्र वेगळा हिशेब लावला. रेडिओवाली बाई आली म्हणजे मशीन आणलं असणार. मशीन म्हणजे गुरगुर. आवाज ती यायच्या आधीपासून येत होता, हे मी सोयीने विसरलो. गेलो तरातरा जिना चढून.

"मशीन बंद करा."

टेबलाशी बसली होती. समोर एक कॉम्प्युटर, तोही मांडीवर मावेल एवढा. बाकी खोलीत एक खाट आणि एक टेबलफॅन. "कुठलं मशीन?"

"रेडिओचं. माझ्या घरात आवाज येतो त्याचा."

दुसरी कोणी असती तर चार शब्द सुनावले असते. हिचे डोळे असे चमकले जसं मी पेढे घेऊन आलोय. बोट वर गेलं. "आवाज? कधी येतो? सारखा येतो की मधे थांबतो? कमीजास्त होतो का?"

दोन वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं आवाज कसा आहे. सगळ्यांनी विचारलं होतं मी कसा आहे.

मी तिथंच जिन्यावर बसलो आणि अर्धा तास सांगितलं.

मग तिची खरी नोकरी कळली. घाटावर कुठंतरी मोकळ्या माळावर मोठमोठ्या जाळीच्या तबकड्या उभ्या आहेत, आभाळाकडे तोंड करून. त्यांच्यात आभाळातून येणारं जे काही पडतं, त्याचा अभ्यास ही करायची. आठवड्यातून दोनदा मुंबईला जायची, बाकी दिवस फिलूबायच्या माडीवर.

"म्हणजे वर कोणी रेडिओ लावलाय?" मी विचारलं.

"लावलेला नाही, काका. आपोआप येतं. आणि तो आवाज नव्हेच, तरंग असतात. उजेडासारखे, पण डोळ्याला न दिसणारे. आम्ही आपलं बोलताना आवाज म्हणतो."

"मग काय शोधता त्यात?"

"कुठनं येतंय ते."

बाईला सरळ हो म्हणता यायचं नाही. जेवलात का विचारलं तर म्हणायची, "शक्यता आहे." दोन बोटं कपाळाला लावून आठवायची खरंच जेवली का. आणि नाही म्हणायचं असेल तर म्हणायची, "अजून वगळता येत नाही." फिलूबायने एकदा तिला गाठून विचारलंच, "देव आहे की नाही ते सांग. तू वर बघतेस ना?" बाईने दोन बोटं कपाळाला लावली. मग म्हणाली, "वगळता येत नाही." फिलूबाय खूश. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात सगळ्यांना सांगत होती, "शिकलेली बाई, पण श्रद्धा आहे हो."

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन आली. वर लिहिलं, 'संशयित'. खाली यादी. फ्रीज, पंखा, विजेचा मीटर, टाकी, फिलूबायचा पंप, माडावरच्या मधमाश्या, विहीर.

"विहीर कशाला?"

"वारा आत शिरला तर घुमते. वगळायला पाहिजे."

आणि आम्ही वगळायला लागलो. मी मोटारवाला माणूस, मला वाटायचं धडाधड सगळं बंद करू. ती म्हणायची, नाही, एका वेळी एकच. आज फ्रीज बंद, बाकी सगळं चालू. मी पडवीत मोटार घेऊन बसायचो, ती आतल्या दारात कोरा चहा घेऊन. माझी पाठ तिच्याकडे. आवाज आला की तिचं बोट वर. "आलं." मी वळून बघायचो, आवाज गेलेला. ती फ्रीजवर काट मारायची.

ऐकलंत ना? तिलाही आला. मला दिवाळी झाल्यासारखं वाटलं. मी वेडा नव्हतो.

स्क्रूड्रायव्हरची युक्ती मी तिला दाखवली. तिने पातं भिंतीला, माडाला, फिलूबायच्या पंपाला, सगळ्याला लावून पाहिलं. एकदा स्वतःच्या गुडघ्याला लावलं आणि म्हणाली, "बेअरिंग गेलंय." पहिल्यांदा हसली ती तेव्हा. मी पण बऱ्याच दिवसांनी.

चहा पिता पिता ती तिचं सांगायची. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. आपल्या आकाशगंगेसारख्या अगणित आहेत. मोठ्या मोठ्या बहुतेक सगळ्यांच्या मधोमध एक काळं विवर असतं. त्यात पडलेलं परत येत नाही, उजेडसुद्धा नाही.

"मग त्याचा आवाज कसा येईल?"

"त्याचा येतच नाही. ते काही बोलत नाही. त्याच्याभोवती जे फिरतं, तापतं, आपटतं, त्याचा येतो."

काही ठिकाणी म्हणे त्या विवराच्या दोन्ही अंगांनी फवारा उडतो. भरल्या दाबाचा पाइप फुटावा तसा, सरळ, लांबच लांब. त्याचा गलका सगळ्या तबकड्यांना ऐकू जातो. पण असे थोडे. बाकीच्यांना हे लोक शांत म्हणतात.

"शांत आहेत तर सोडून द्या की त्यांना."

"शांत म्हणजे मुकी नव्हे, काका." हे ती जरा जोरात बोलली. "बारीक येतच असतं. आम्ही नीट ऐकलं नव्हतं, म्हणून शांत म्हटलं. आता ते बारीक कुठनं येतं, यावर आमच्यात भांडणं आहेत."

तिचेही संशयित होते. चार. एक, लहानसा फवारा, जोर नसलेला, मधेच अडकलेला. दुसरा, विवराभोवतीच्या तापल्या गरगरीतून सुटलेला वारा, जो आसपासच्या वायूवर जाऊन आपटतो. तिसरा, विवराच्या अगदी उशाशी असलेला भयंकर तापलेला वायू. आणि चौथा म्हणजे विवराचा संबंधच नाही, नुसता शेजारचा गोंगाट. आजूबाजूला तारे जन्मतात, मोठे तारे फुटून मरतात, त्याचा. एवढ्या लांबून हे चारही एकाच ठिपक्यात दिसतात. कोणाचं किती, कळत नाही.

"मग आपण करतोय तसं करा. एकेक बंद करा."

तिने कप खाली ठेवला. "तिथं काहीच बंद करता येत नाही, काका. हेच तर आमचं रडगाणं आहे."

"मग करता काय?"

"बघत बसते. कधी वाढतं, कधी उतरतं. जे झटकन बदलतं ते लहान असतं. मोठी वस्तू झटकन बदलू शकत नाही. या टोकाची खबर त्या टोकाला पोचायलाच वेळ लागतो."

हे मला पटलं. मोठी मोटार बंद केली तर हळूहळू थांबते, लहान खटकन थांबते. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "बघा, तुम्हाला आमच्याकडे घेतलं पाहिजे." नंतर लगेच, "शक्यता आहे." बाई ती बाईच.

तीन आठवडे गेले. यादीवर काटच काट. एका शुक्रवारी लाइन दुरुस्तीसाठी सगळ्या गावची वीज गेली. फ्रीज नाही, पंखा नाही, पंप नाही. मी म्हटलं, आज आवाज मेला. पडवीत बसलो. थोड्या वेळाने आला. तसाच. वीज नाही आणि मोटार गुरगुरतेय. वळून पाहिलं तर बाईचं बोट वर होतं, पण ती भिंतीकडे बघत नव्हती, टाकीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही. मीटरवर काट मारते."

आता वाटतं तिला तेव्हाच कळलं होतं. कदाचित त्याच्या आधी. पण सगळं वगळल्याशिवाय ती बोलायची नाही.

मग मला कळंबला जावं लागलं. तिथल्या एका पाहुण्यांच्या बंगलीचा पंप बसला होता. जाताना बाई म्हणाली, "काका, मी माझा फोन तुमच्या पडवीत ठेवू का? सगळं भरून घेईल." ठेवा म्हटलं. संध्याकाळी परत आलो. दुसऱ्या दिवशी मी घरी असतानाही तिने तो तिथंच ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी आली, कागद घेऊन. चहा नको म्हणाली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"तुम्ही कळंबला होतात त्या दुपारी काहीच नाही. कावळे, एक नारळ पडला, बस."

"मग? मी नसलो की लाजतो का तो?"

"काल चार वेळा आला. तुम्ही खोकलात की थांबतो. तुम्ही पाणी प्यालात तेव्हा थांबला. फिलूबायला हाक मारलीत, थांबला. एका श्वासापुरता चढतो, मग उतरतो." तिचा आवाज एकदम हळू झाला. "इतकं झटकन बदलतं म्हणजे लहान आहे ते, काका. टाकीएवढं नाही. फ्रीजएवढं नाही. माणसाच्या छातीएवढं असेल."

मला कळलं. कळलं म्हणूनच मी ओरडलो.

"म्हणजे मी? मी गुरगुरतो? माझ्याच घरात बसून मलाच वेडा ठरवताय? तीन आठवडे चहा पीत होता त्याचसाठी? लेकीने धाडलं काय तुम्हाला?"

"काका, वेडा कोण म्हणालं? ऐका एकदा."

तिने फोन माझ्या पुढ्यात ठेवला. मी तो तिच्या हातात परत कोंबला. आणि मग जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण बोललो ते बोललो. "तुमचं कोण मेलंय? ना नवरा, ना पोर. तुम्हाला आभाळातली भोकं बघायची, माणसाच्या घरातलं काय कळणार? चला, उठा."

ती उठली. कागदाची घडी करून टेबलावर ठेवली. आणि गेली.

मी अख्खी दुपार आत-बाहेर केली. विहिरीवर गेलो, आलो. गेलो, आलो. शेवटी पडवीत बसून कालची मोटार पुढ्यात ओढली आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, तार गुंडाळत राहिलो, आणि कान आत लावला. बाहेर नाही, आत.

आला.

दोनदा वर चढायचा आणि एकदा खाली उतरायचा. नाकातून. तोंड बंद.

ती माझी बायको होती.

मासे साफ करायला ती याच पडवीत बसायची, पायात विळी धरून. मासे साफ करताना तिच्या नाकातून हे असं यायचं. गाणं नव्हे, शब्द नाहीत. दोन वर, एक खाली. तिलाही माहीत नसायचं. मी इथंच मोटारी घेऊन बसायचो आणि वैतागायचो. किती वेळा म्हटलंय, "बंद कर तुझी मोटार. मला माझी ऐकू येत नाय." आणि ती म्हणायची, "अवो, मोटारवाल्याच्या घरात दुसरं काय वाजनार? जा, पानी शेंदा."

चाळीस वर्षं मी त्याला मोटार म्हटलं. म्हणून मोटारच शोधत बसलो.

पुढचा रविवार महिन्याचा शेवटचा. लेक सकाळीच आली, दोन मोठ्या पिशव्या घेऊन, माझे कपडे भरायला. मी तिला काय सांगणार? आवाज सापडला, माझ्या नाकात आहे? त्यापेक्षा तिसरा मजला बरा.

ती कपाट उघडत होती तेवढ्यात कुंपणाच्या पडक्या भागातून बाई आली. तोंडावर राग नाही, काही नाही. मला वाटलं, आता ही सांगणार. शास्त्रवाली बाई, खोटं बोलणार नाही. माझं घर गेलं.

लेकीने तिला विचारलं, "मॅडम, तुम्ही इथे महिनाभर बघताय. खरं सांगा. आवाज आहे का?"

शक्यता आहे, म्हणेल असं मला वाटलं. बाई म्हणाली, "आहे."

सरळ. आहे.

"मी मोजलाय. भरून घेतलाय. तुमच्या बाबांच्या मनातला नाही. खराखुरा आहे."

लेक खाटेवर बसली. "मग येतो कुठून?"

बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. "या घरातूनच. आम्ही बाकी सगळं वगळलं. बिघाड कुठेच नाही. काही जळणार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तो चालू राहू दे."

लेक माझ्याकडे बघत राहिली. मी खाली फरशीकडे. त्या दिवशी दोन्ही पिशव्या रिकाम्याच परत गेल्या. जाताना लेकीने फक्त एक नवं चहाचं भांडं ठेवलं, जाड बुडाचं.

संध्याकाळी मी माडीवर गेलो. हातात स्क्रूड्रायव्हर. बाईचा टेबलफॅन किरकिरायचा, मी तो खोलला. ती बाजूला उभी राहून, कानाला स्क्रूड्रायव्हर लावल्यासारखी मान तिरकी करून बघत होती.

"त्या दिवशी मी घाण बोललो," मी म्हटलं.

"शक्यता आहे," ती म्हणाली.

मी फॅन जोडला. बिनआवाज फिरायला लागला. तेव्हा ती स्वतःहून बोलली. "माझी आई शेवटचे सहा महिने अंथरुणावर होती. सगळे म्हणायचे, शांत आहे हो, काही त्रास नाही. मी शेजारीच बसून काम करायचे. बारीक काहीतरी म्हणायची ती. मी म्हटलं, हा कागद संपला की विचारते."

मी फॅन तिच्याकडे वळवून ठेवला. रस्त्यात तिचं बोट का वर जातं, ते मला तेव्हा समजलं. तुम्ही पण पुढच्या वेळी हॉर्न वाजवायच्या आधी विचार केला असतात.

पण पुढची वेळ नाही. बाई गाव सोडून गेली. कुठल्याशा परक्या मुलखात, ओसाड रानात, नव्या तबकड्या उभ्या राहतायत. तिथं माणसांचे मोबाइल नाहीत, पंप नाहीत, काही नाही, म्हणून तिथं आभाळ नीट ऐकू येतं. ती गेली त्या दुपारी मी विहिरीत उतरून पंपाच्या पाइपाच्या तळाशी असतो त्या फूटवाल्वच्या भानगडीत होतो. वर आलो तर रिक्षा वळणावर. ओले हात घेऊन धावलो. माझ्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं. हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो तिला द्यायचा होता. रिक्षा गेली. फिलूबाय दारात उभी होती, म्हणाली, "मिस्त्री, तिला विचारायचं राहिलं, त्या गाण्याचं काय झालं?"

तिचे चार संशयित सापडले का, मला माहीत नाही. माझा कागद माझ्याकडे आहे. सातही नावांवर काट. त्याच्या खाली तिने आठवा आकडा घातला होता आणि पुढे काही लिहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी लेक मांदेली घेऊन आली. फ्लॅटमध्ये वास राहतो म्हणून इथेच साफ करते म्हणाली. पडवीत बसली, पायात आईची विळी. मी माझी मोटार घेऊन बाजूला. बराच वेळ दोघंही आपापल्या कामात.

एकदम तिने हात थांबवला. खवले लागलेलं बोट वर केलं.

"बाबा, थांबा."

मी थांबलो. तोही थांबला.

लेक इकडेतिकडे बघायला लागली. दाराकडे, विहिरीकडे. "आत्ता आय होती इथं," ती म्हणाली, आणि मग हळूहळू तिची नजर माझ्यावर आली. मी मान खाली घातली. फिलूबायच्या माडीची खिडकी बंद होती, नाहीतर तिकडे बघितलं असतं.

लेकीने डोळे मनगटाने पुसले, हात माशाचे होते म्हणून. पुढची मांदेली उचलली.

"थांबलात कशाला?" ती म्हणाली. "चालू राहू दे."

पाटीतली मांदेली संपेपर्यंत चालू होतं.